ब्रेकचा दिवा

तीर्थस्वरूप ताईस,
साष्टांग नमस्कार. गुडघे अजून वाकतात, यावरून प्रकृती ओळखावी.

ही गेल्यानंतर आज प्रथमच आमचं चाकांवरचं घर एकट्याने गाडीला जोडलं. रागावू नकोस. गाडीमागच्या लोखंडी गोळ्यावर घराच्या दांड्याची वाटी बसवून खटका लावला. खाली साखळ्या फुलीसारख्या अडकवल्या. वाटी निसटलीच, तर दांडा रस्त्यावर न आपटता त्यांच्या झोळीत पडेल.

मग घराचा मागचा दिवा तपासायला गाडीत बसून ब्रेक दाबला आणि सवयीने विचारलं, "लागला का गं दिवा?"

मागे उभी राहून ती मला म्हणायची, "लागला हो पंडित, आता पाय काढा."

आज शेजारचा सुतार म्हणाला, "लागलाय, काका." भला माणूस. त्याचे आभार मानले आणि घर पुन्हा सोडवून ठेवलं.

भावोजींचा खोकला कसा आहे? त्यांचं तुझ्यावाचून जमणार असेल, तर चार दिवस येतेस का? काम काही नाही, मागे उभं राहून बोलायचं.

तुझा,
धाकटा