यादवचं पान

८ सप्टेंबर
नोकरी लागली, खोली मिळाली आणि पहिल्याच दिवशी आयतं जेवणही मिळालं. माणसाला आणखी काय हवं! बँकेने मला लासलगावच्या आतल्या या गावात टाकलं म्हणून नाशिकला आईने डोळ्यांना पदर लावला होता. इथे येऊन पाहतो तर गाव झकास. वेशीवर सिमेंटची कमान, तिच्यावर 'शहीद यादव प्रवेशद्वार'. कमानीला फ्लेक्स. त्यात यादवचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि भोवती पुढाऱ्यांची तोंडं परातीएवढी. हसू आवरेना.

खोली मिळाली ती याच यादवच्या घरात. त्याची म्हातारी आई साळूबाई एकटीच राहते. तिने मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, वय विचारलं, लग्न झालंय का विचारलं आणि लगेच किल्ली हातात ठेवली. भाडं नंतर बघू म्हणाली. संध्याकाळी बाजरीची भाकरी आणि ठेचा. आईला फोन करून सांगितलं, सुयश मजेत आहे. दसऱ्यानंतर दोन स्थळं बघायची आहेत, म्हणाली. बघू की!

१२ सप्टेंबर
यादवची गोष्ट कळली. हवाई दलात होता, माझ्याच वयाचा. पंचवीसेक वर्षांपूर्वी लढाईत त्याचं विमान बर्फात पडलं. देह सापडलाच नाही. स्मारक समितीचे अध्यक्ष सावळीराम हे त्याचे वर्गमित्र. चहा पाजून त्यांनी सगळं सांगितलं. पुतळा कसा बसवला, कमान कशी मंजूर करून आणली, मंत्री आले तेव्हा गर्दी किती होती. यादव कसा होता हे विचारलं तर एवढंच म्हणाले, चांगला होता.

म्हातारीच्या दारात मात्र यांच्यातलं कुणी फिरकत नाही. तिच्या ओट्याची फरशी फुटली होती, ती मीच सिमेंटने बुजवली. चौकात पुतळ्याला खेटून कांद्याचे ट्रॅक्टर उभे असतात. डोकं भडकतं.

१६ सप्टेंबर
पितृपक्ष चालू आहे. साळूबाईने इतकी वर्षं यादवचं पित्तर घातलंच नव्हतं. डोळ्यांनी देह पाहिला नाही तर पित्तर कसलं, असं तिचं म्हणणं. यंदा स्वतःहून म्हणाली, घालू. लढाईत गेलेल्यांची तिथी चतुर्दशी, म्हणजे येत्या शनिवारी. इथली रीत अशी की गेलेल्याच्या वयाचा माणूस त्याच्या नावाने पाटावर बसवतात. त्याचे पाय धुतात, त्याच नावाने हाक मारतात, जेवू घालतात. जेवून झालं की त्याने उंबरा ओलांडून थेट आपल्या घरी जायचं आणि त्या दिवशी पुन्हा त्या घरात पाऊल टाकायचं नाही. गेलेला जीव त्याच्यासोबत बाहेर पडतो आणि पुढच्या वाटेला लागतो, म्हणे.

यादवच्या नावाने घसा फोडणारी पोरं गावात ढिगाने आहेत, पण पाटावर बसायला एक तयार नाही. कुणाची परीक्षा निघाली, कुणाचं पोट बिघडलं. सावळीरामांनी तर आपल्या मुलाला, रुद्रला, तडक मामाकडे कळवणला धाडून दिलं. मला या माणसांची किळस आली. मी म्हटलं, मी बसतो. साळूबाईने माझ्यावरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली.

२० सप्टेंबर
बसलो. खीर, वडे, आमटी, गवार, भोपळा. तिने माझे पाय धुतले, पदराने पुसले. "यादव, बस बाबा. लय उशीर केला रं," म्हणाली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. गावकरी अंगणातून बघत होते, आत कुणी आलं नाही. मी पोटभर जेवलो, उठलो, उंबरा ओलांडला. सावळीराम हात जोडून म्हणाले, आता सरळ घरी जा.

गेलो. चौकातून वळसा घातला आणि खोलीवर आलो. इथे माझं दुसरं घर आहे कुठे?

साळूबाई दारातच उभी होती. हसत होती.

२१ सप्टेंबर
सकाळपासून हुडहुडी भरलीय. बाहेर लोक घामाने निथळतायत. तोंडाला रॉकेलची चव.

पाटावर बसणारा याच घरात राहतो, हे कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही? सावळीरामांना गाठून विचारलं. त्यांचा चेहरा उतरला. "आरं, ध्यानातच नाय आलं," म्हणाले.

साळूबाईलाही विचारलं. माझ्या ध्यानात होतं, म्हणाली. म्हणून तर तुला खोली दिली.

२३ सप्टेंबर
बोटांची टोकं काळी पडलीत. बँकेत गेलो तर मॅनेजर स्नेहा मॅडम म्हणाल्या, बसा, कोण हवंय आपल्याला? मला वाटलं चेष्टा करतायत.

डोळे मिटले की सगळं पांढरं. पाय पत्र्याखाली अडकलेत. वर घरघर, कुणीतरी शोधतंय. मी ओरडतोय. मग घरघर लांब जाते — ही आठवण माझी नाही. मी पंचवटीत वाढलो. बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिलाय.

सामान भरलं. उंबऱ्यापाशी पाय उचलेना.

२४ सप्टेंबर
सावळीराम आले. मला बघून मटकन खाली बसले. यादव, म्हणाले. रडले. मग डोळे पुसून हात जोडले. म्हणाले, "बाहेर नको पडू रं. पुतळ्याचं काय करू आता आम्ही?"

असा संताप आला — माझा की त्याचा, कळलं नाही.

जाताना त्यांनी खोलीला बाहेरून कडी घातली. साळूबाई ती फक्त ताट देताना काढते.

२५ सप्टेंबर
आईला फोन लागला. कोण बोलतंय, म्हणाली. सुयश, म्हटलं. तिला पटेना. हा माझ्या पोराचा आवाज नाही, त्याचा फोन तुमच्याकडे कसा — मग घाबरली. उद्या सकाळच्या एसटीने येते म्हणाली.

साळूबाई यादव म्हणून हाक मारते. मी ओ देतो. द्यायची नसते, तरी —

२६ सप्टेंबर
आई आली. ओट्यावर आहे. खिडकीतून दिसते.

साळूबाई सांगतेय, सुयश खोली सोडून गेला.

आईने आत पाहिलं. थेट माझ्याकडे. नमस्कार केला. तुमचा मुलगा का, विचारलं तिला. नशीबवान आहात, म्हणाली. डोळ्यांसमोर आहे.

दार ढकलतोय. बोटं वळत नाहीत —

पिशवी उचलली तिने.

आई म्हणून ओरडलो. जीव तोडून.

साळूबाईने ओ दिली. माझी आई वळलीसुद्धा नाही. चाललीय. चौकाकडे — आई, मी आहे गं, मी सुय