निसर्गवर्गाची सतरंजी

१ मे १९८८, रविवार. सकाळी सव्वादहा.
नुसता संताप! गल्लीतली बारा पोरं आमच्याच टीव्हीपुढे. आमची विमलही. दहा वर्षांची झाली, पण झाड, माती, पाखरू, कशाशी संबंध नाही. मी मालिका शेवटपर्यंत पाहिली, पोरं काय बघतात ते कळायला नको? निश्चय: दर रविवारी सकाळी सहाला निसर्गवर्ग. सेलूत असं काही कुणी केलेलं नाही. वक्ता मीच.

३ मे.
बायको कावेरी म्हणते, विमल रोज सकाळी माणिकरावांच्या रानात असते, आधी तिला तर विचारा. पोरीला काय विचारायचं? कचेरीत मला सगळे विचारतात. डोकं फिरलं. जेवलो नाही. (नंतर जेवलो.) भाषणाची अकरा पानं तयार.

८ मे, रविवार.
पोरं सहाला येऊन थांबून निघून गेली म्हणे. मी आठला तयार होतो. दोन तास दम निघत नाही! या पिढीचं काही खरं नाही.

११ मे.
विमल आपणहून बोलायला आली. माणिकमामाच्या रानात टिटवीनं भुईवर चार अंडी घातली, मातीच्याच रंगाची, दिसत नाहीत. शेळ्यांचा पाय पडू नये म्हणून पोरांनी भोवती बाभळीच्या काट्या लावल्यात. बाबा, पिल्लं निघाली की तुमाला दावते, म्हणाली. पक्षी घरटं झाडावर करतो, हे मी चौथीत शिकलो. उघड्या रानात अंडी! खोटं बोलते म्हणून धपाटा घातला. रडली नाही. निगरगट्ट.

१५ मे, रविवार. दुपार.
आज मी स्वतः साडेपाचला हजर. जागा माणिकरावांचं रान. मधोमध कुणीतरी काट्या टाकून घाण केलेली, नेमकी सपाट जागा तीच. पायानं सारल्या, सतरंजी अंथरली, बसलो. एक पाखरू डोक्यावर किंचाळत घिरट्या घालू लागलं. ढेकूळ मारलं. पोरं आली, विमल लांबूनच ओरडत पळत आली, बाबा उठा, बाबा उठा. दंडाला धरून खाली बसवली. शांतपणे पक्ष्यांचे आवाज ऐका, हे तिसरं पान वाचत होतो. त्या पाखरानं एक वाक्य धड वाचू दिलं नाही.
मग माणिकराव आले. म्हणाले, सायेब, उठा आधी. त्या टिटवीपायी म्या आठ दिस नांगर थांबवलाय.
सतरंजी उचलली. खाली पिवळं, चिकट.
चारच होती.

१७ मे.
सतरंजी विमलनं धुतली. मी सांगितलं होतं गड्याला. चूक टिटवीचीच, भुईवर कुणी घालतं का? असं कावेरीला म्हणालो. तिनं ताट आपटलं. अकरा पानं कुठं ठेवली सापडत नाहीत. शोधलीही नाहीत.

२२ मे, रविवार.
साडेपाचला उठलो. विमल ओट्यावर बसलेली. म्हणालो, चल, रानात जाऊ. भाषण करणार नाही. तू दाखव.
म्हणाली, माणिकमामा नांगरायलेत कालपासून. आता काय हाय तिथं?
साडेनऊला टीव्ही लावला. सतरंजी अंथरली, दार उघडं ठेवलं. एकही पोर आलं नाही.