रंग ठरेपर्यंत

ता. ३ फेब्रुवारी

चि. मेहुणीबाईंस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस. तब्येत ठणठणीत आहे, गुडघे सोडून. बातमी अशी की गाडी सापडली. तीच ती, लांब नाकाची, कापडी टपाची, जिच्यावरून तुझी ताई आणि मी बावीस वर्षं भांडलो. तीही एक नाही, दोन सापडल्या. नदीपलीकडे एक गॅरेजवाला जुन्या गाड्या नीटनेटक्या करून विकतो. त्याच्याकडे एक लाल आहे आणि एक हिरवी. दोघी एकाच वर्षीच्या, जुळ्याच म्हण ना. त्याने मला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. मी सोडेन ती दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाणार.

आमचं भांडण तुला ठाऊकच आहे. मी पहिल्या दिवसापासून लाल म्हणत होतो. ही म्हणाली, हिरवी. वर्षभर ताणून मी हिरवीला कबूल झालो, तर हिला हिरवा डोळ्यांत खुपायला लागला आणि क्रीम हवा झाला. क्रीमपुढे मान तुकवली, तर आकाशी. शेजारच्या मास्तरीणबाई म्हणायच्या, की यांच्याकडे आमटीत मीठ कमी पडेल, पण जेवताना वाद कमी पडायचा नाही.

परवा गॅरेजमध्ये लाल गाडीपुढे उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, की लालच घ्यायची. म्हणालो आणि थांबलो. तुझ्या ताईला जाऊन सात महिने झाले, तरी थांबलो. कोणी नाही म्हणेना. उलट गॅरेजवाल्याने खुशीने मान डोलावली. तसाच घरी आलो.

जन्मभर लोकांचे दात बनवले मी. पांढऱ्याच्या सोळा छटा खिडकीच्या उजेडात चटकन ओळखतो. पण या दोन रंगांपुढे मती गुंग झाली आहे. तुझ्यापाशी ती सगळं बोलायची. तिला खरोखर कोणता रंग हवा होता, एवढं कळव.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढला तर तक्रार नाही.

तुझा,
कवळीवाला भाऊजी


ता. ९ फेब्रुवारी

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. छापखान्यात प्रुफं तपासायच्या सवयीने पेन्सिल हातात घेऊनच वाचलं आणि एकही चूक सापडली नाही. एरवी तुमच्या पत्रात दहा-बारा तरी सापडतात. म्हणजे हे पत्र तुम्ही चार वेळा लिहून फाडलं असणार. तेव्हाच काळजी वाटली.

आता गाडीचं. अहो, त्या गाडीत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं. तुमचे गुडघे जिना चढताना शेजाऱ्यांना ऐकू येतात. उतरलात तर बाहेर काढायला कोण येणार? शिवाय लाल रंग उन्हाने विटतो, आणि हिरव्यावर धूळ दिसते. आमच्या छापखान्याच्या मालकांनी हौसेने लाल गाडी घेतली होती, तीन वर्षांत तिचं गाजर झालं.

खरं विचाराल तर घेऊच नका. पहाटे फिरायला जा, वाचनालयात जा, इकडे येऊन चार दिवस राहा. ताईला कोणता रंग हवा होता, ते मला सांगता यायचं नाही. पुन्हा विचारू नका.

पत्र कोरडं वाटलं तर रागावू नका. लोभ मनात आहे, कागदावर कमी उतरला एवढंच.

तुमची,
धाकटी


ता. १५ फेब्रुवारी

चि. मेहुणीबाईंस,
अनेक आशीर्वाद.

पुन्हा विचारू नका म्हणालीस, तरी विचारतो आहे.

मंगळवारी परत गॅरेजमध्ये गेलो होतो. गॅरेजवाला भला माणूस आहे. त्याने धडाच दिला, की जुनी गाडी घेताना वरचा रंग बघायचा नाही, डिकीतली चटई उचलायची. तिथे कोणी पुन्हा रंग मारत बसत नाही. लाल गाडीची चटई उचलली, तर खाली फिकट क्रीम. म्हणजे ती मूळची लाल नाहीच. हिरवी मात्र वरून खालून हिरवी, बॉनेटवर जरा भुरकट झालेली. जाणकार मूळ रंगाची घेतात, असं तो म्हणाला.

घरी येऊन वाटलं, मी इतक्या वर्षांत आणलेली रंगांची कार्डं कुठे गेली बघावं. हिने टाकून दिली असतील अशी खात्री होती. तिच्या कपाटात, शालींच्या खाली, एका पाकिटात सगळी मिळाली. प्रत्येकाच्या मागे तिच्या अक्षरात तारीख. हिरव्याच्या मागे लिहिलंय, "आज यांनी हिरवा कबूल केला. आता काय सांगू?" क्रीमच्या मागे, "हाही चालतो म्हणाले." आकाशीच्या मागे नुसतं, "देवा."

तिला रंग नकोच होता, गाडीच नको होती. मग तोंडाने तसं का म्हणाली नाही? माझ्या गाडी चालवण्याची भीती वाटत होती का? उघड्या गाडीत माझ्याशेजारी बसायची लाज वाटत होती? बावीस वर्षं मी ज्याला गंमत समजलो, ते तिला ओझं होतं का? तुला माहीत आहे. तुझ्या पत्रावरून कळतंय. काय असेल ते सांग. आता माझ्यापासून लपवून कोणाचं भलं व्हायचं आहे?

उत्तराची वाट पाहतो. लोभ असेल तर खरं लिहिशील.

तुझा,
भाऊजी


ता. २० फेब्रुवारी

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

हे लिहायला चार दिवस लागले.

तुमची लाज तिला कधीच वाटली नाही. भीतीही नाही. त्या गाडीला दोन सीट होत्या, एवढंच कारण.

पाचव्या महिन्यात पोटातच तुमची मुलगी गेली, त्याला गाडीचा विषय निघाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. दवाखान्यातून आणताना तुम्ही ताईला म्हणाला होतात, की आपण दोघंच बरे. तुम्ही धीर द्यायला म्हणालात, हे तिला कळत होतं. पण तिच्या दृष्टीने दार मिटलेलं नव्हतं. मग एक दिवस तुम्ही त्या गाडीचं चित्र घेऊन आलात आणि म्हणालात, की बघ, दोनच सीट, आपल्यासाठीच बनवली आहे. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. माझ्या ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, ही गाडी दारात आली की तिसरं कोणी येणार नाही हे मी मान्य केलं असं होईल. पण ते इतके हरखलेत, की नाही म्हणवत नाही. म्हणून मी हिरवी म्हणाले. रंग ठरेपर्यंत गाडी येत नाही.

मग रंग कधी ठरूच दिला नाही तिने.

सेहेचाळिशी उलटली, तशी आशा आपोआप संपली. मी म्हटलं, आता घेऊ दे की त्यांना. तर हसली. म्हणाली, आता त्यांना गाडीपेक्षा भांडणच जास्त आवडतं, ते कसं काढून घेऊ?

आणि माझा अपराध. शेवटच्या आठवड्यात तुम्ही औषध आणायला खाली गेला होतात. तिने माझा हात धरून सांगितलं, की त्यांना सांग, कोणताही रंग चालेल. मी सांगितलं नाही. आधी वाटलं, हे सांगितलं की ती चाललीच असं होईल. नंतर वाटलं, कशाला तुमची जखम उघडा. खरं म्हणजे तिचा शेवटचा निरोप माझ्याकडेच राहावा असं वाटत होतं. सात महिने तो दाबून ठेवला. माफ करा म्हणायचं धाडस नाही.

लोभ ठेवाल का, हे विचारते. एरवी नुसतं लिहायची पद्धत म्हणून लिहीत होते.

तुमची,
धाकटी


ता. २ मार्च

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी हे वाच. माझा राग नाही. तिचा निरोप तू जपलास, हरवला तर नाहीस.

आता माझी बाजू ऐक, ती तिलाही ठाऊक नव्हती. मुलगी गेल्यावर दोन वर्षं ही ताटावर बसायची आणि हात मांडीत ठेवून भिंतीकडे बघत राहायची. काही विचारलं तर हो, बरं, चालेल. मी दुकानात दातांचे साचे ओतता ओतता रडायचो आणि तोंड धुऊन घरी यायचो. त्या गाडीचं चित्र मी आणलं ते केवळ बोलायला काहीतरी विषय हवा म्हणून. तिने पहिल्यांदा आवाज चढवून हिरवी म्हटलं, तेव्हा मला वाटलं, औषध सापडलं. मग मीही रंग ठरू दिला नाही. ती गप्प झाली की नवं कार्ड आणायचो. आम्ही दोघं एकमेकांसाठी भांडत होतो आणि दोघांनाही पत्ता नाही.

शनिवारी मुदत संपत होती. गॅरेजमध्ये गेलो आणि म्हणालो, हिरवी. लाल घेतली असती तर मी जिंकलो असतो, आणि हरायला घरात कोणी नाही. हिरवा हा तिचा पहिला नकार होता. तोच दारात उभा असावा.

चालवायचं मात्र धैर्य होईना. गॅरेजवाल्याला म्हटलं, तूच चालव, मी शेजारी बसतो. टप खाली करून आम्ही पुलापर्यंत गेलो. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी यायला लागलं, निदान त्याला तसंच वाटलं असेल. पुलावर मी त्याला सांगितलं, की आम्हाला मुलगी झाली होती. पाच महिन्यांची, पोटातच गेली. चोवीस वर्षांत हे वाक्य मी कोणापुढे उच्चारलं नव्हतं. त्याने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मग हळूच विचारलं, की नाव काय ठेवलं होतं. मी म्हणालो, ठेवलं नव्हतं.

म्हणालो खरा, पण तेव्हापासून डोक्यात घोळतंय. तुझ्या ताईने मनातल्या मनात ठेवलं असेल का? कधी तुझ्यापाशी काही बोलली असेल, तर कळव.

गाडी दारात आहे. बघायला ये. लोभ तसाच आहे, किंबहुना आता तुझ्याइतकं जवळचं कोणी नाही.

तुझा,
भाऊजी


ता. ७ मार्च

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

हो, होतं नाव. ताई माझ्याकडे आली की ते घ्यायची. पोरगी आता शाळेत जायला लागली असती, आता तिची उंची माझ्या खांद्याला लागली असती, असं म्हणायची, आणि नावानेच म्हणायची. घरी कधी घेतलं नाही, तुम्हाला त्रास होईल म्हणून.

वेगळ्या कागदावर लिहून, घडी घालून या पाकिटात ठेवलं आहे. एकटे असाल तेव्हा उघडा आणि मोठ्याने वाचा. आम्हा दोघींखेरीज ते अजून कोणाच्या तोंडून निघालेलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने येते. लोभाचं तेव्हा समोरासमोर बघू.

तुमची,
धाकटी