मैत्रीचा फॉर्म

खडकी, ३ जुलै २०२५

चि. विजूस दादाचा जयभीम. वि. वि.

नाही, मी त्या बाईंना हाकललं नाही. चहा दिला, बिस्किटं दिली, पंखा त्यांच्याकडे फिरवला. मग कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

पत्र लिहितोय, कारण तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मी ओरडलो की सगळ्या बिल्डिंगला ऐकू जातं.

मैत्रीच्या शाळेनं यंदा रिसोर्स रूम काढली. तिच्यासारखी मुलं, म्हणजे बोलायला उशीर लागलेली, गोंगाटाला घाबरणारी, अर्धा वेळ त्या खोलीत आणि अर्धा वेळ आपल्या वर्गात. खास शिकलेल्या दोन बाई आहेत. जागा आठ, यादी अजून लागायचीय. डॉक्टरांचा कागद लावून तिच्या आईबापानं, भूषण आणि शर्मिलानं, अर्ज करून टाकला. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, म्हणूनच विचारलं नसेल.

काल त्यातल्या एक बाई घरी चौकशीला आल्या. नीरजा नाव. भूषण पहाटेच कंपनीच्या बसनं चाकणला गेलेला, शर्मिला दुकानात. शाळा सुटली की पोर माझ्याकडेच असते, तेव्हा उत्तरं मीच दिली. स्वतः जेवते का? हो म्हटलं. बुटाची लेस बांधते का? हो. वहीत लिहिते का? हो. कपडे ओले करते का? नाही. चार मुलांत बसते का? बसते. दोन पानं अशी झाली. सात वर्षांच्या नातीचं उणं परक्या माणसापुढं काढत बसायचं का? फॅक्टरीत चौतीस वर्षं काढली, साहेबाला घरातलं कधी कळू दिलं नाही.

बाईंनी कागद आवरले. माझ्याकडे नुसतं बघितलं आणि गेल्या.

तुझ्या सुनेनं पाठवलेलं लोणचं खारट आहे. खातोय.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायच्या भानगडीत पडू नकोस.

दादा


मांजरी, १० जुलै २०२५

आ. दादास विजयमालाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. त्या बाईला हाकललंस का, असं म्या इचारलंच न्हवतं. मग पहिल्याच वळीला ते कशाला लिवलंस?

मैत्री उन्हाळ्यात तुझ्यासंगं माझ्याकडं आठ दिस व्हती. तिची चड्डी वल्ली झाली की तू मोरीत जाऊन धुवायचास, नळ मोठा सोडून, कुनाला कळू नये म्हनून. मी बहिरी हाय, आंधळी न्हाई. मग बाईला हो-हो करायचं काय कारन व्हतं?

कारन मला ठावं हाय. आपल्या बापाला मास्तर वर्गाच्या भाईर गोनपाटावर बसवायचा, ते आपन जेवताना किती येळा ऐकलं. येगळी खोली म्हनलं की तुझं डोकं तिथंच जातं. माझं बी गेलं, खोटं कशाला बोलू. पन ही खोली त्यासाठी न्हाई. बाईला परत बोलव आन खरं सांग. अजून यादी लागली न्हाई म्हनतोस, तवर सांग.

लोनचं खारट वाटतंय तर बरनी परत पाठव. रिकामी पाठवशील, मला म्हाईत हाय.

माया हाय तशी राहू दे, तोंड तेवढं आवर.

विजू


खडकी, २४ जुलै २०२५

चि. विजूस जयभीम.

बापाचं यात आणू नकोस.

यादी सोमवारी लागली. मैत्रीचं नाव नाही. शर्मिला दुकानात अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाळेत गेली. तिथं तिला सांगितलं की घरच्या माहितीवरून मुलगी बरीच स्वतःची स्वतः करते, तिच्यापेक्षा जास्त गरज असलेली मुलं आधी घेतली.

मला वाटलं आता घरी येऊन विचारेल. विचारलं नाही. उलट जरा बऱ्या तोंडानं आली. म्हणाली, आबा, म्हणजे तिला जमतंय. आपण उगाच घाबरत होतो. तिनं मैत्रीच्या वह्या काढून भूषणला दाखवल्या, बघा अक्षर किती सुधारलंय. भूषण हो म्हणाला. तो दमलेला असतो.

आणि येताना बूट आणलेत. लेसचे. इतके दिवस चिकटपट्टीचे होते. शाळेत म्हणे बाईंच्या कागदावर लिहिलेलं तिनं वाचलं, लेस बांधते म्हणून. आता रोज शाळेच्या गेटपाशी वाकून मी बांधतो. गाठीवर गाठ मारतो, म्हणजे साडेबारापर्यंत टिकते.

वर्गात चौपन्न मुलं आहेत. बाई एक. वाईट नाहीत, पण एकट्या.

बाकी सगळं ठीक. बरणी अजून रिकामी झाली नाही.

तुझा लोभ मांजरीतच ठेव, इथं जागा नाही.

दादा


मांजरी, ३१ जुलै २०२५

आ. दादास जयभीम.

सगळं ठीक म्हनून लिवतोस. मग त्या बुटाचं काय?

शर्मिलाला सांग. ती तुझी सून हाय, साहेब न्हाई. चिडंल, दोन दिस बोलनार न्हाई. न बोलू दे. तू तरी कुठं कुनाशी धड बोलतोस? भूषणला आधी सांगू नगंस, तो तुझ्यासारखाच हाय, गप बसून खिडकीतनं बघत बसंल.

जागा गेली ती गेली. पन पोर रोज त्या वर्गात जाती. तिला काय लागलं, काय पायजे, ते ती सांगत न्हाई. तुला कळतं, पन तू तिथं नसतोस.

एवढंच. माझं हात दुखत्यात. राग आला तरी लोभ सोडू नगंस.

विजू


खडकी, १२ ऑगस्ट २०२५

चि. विजूस जयभीम. वि. वि.

गेल्या मंगळवारी मैत्री शाळेत सापडेना. साडेनऊला मला फोन आला. गेलो. वर्ग बघितला, संडास बघितले, पटांगण, गेटबाहेरचा रस्ता स्टेशनच्या बाजूनं अर्धा. चाळीस मिनिटं. मला काहीच वाटत नव्हतं. पाय चालत होते एवढंच.

पाण्याच्या टाकीमागं बसली होती. एक बूट पायात, एक हातात. लेस सुटली होती. ती सुटली म्हणून वर्गातून उठली आणि कुणाला सांगता येईना म्हणून तिथं जाऊन बसली. शेजारी खाली फरशीवर नीरजा बाई बसल्या होत्या. तिला त्यांनी उठवलं नव्हतं, काही विचारत नव्हत्या. मी लेस बांधली. गाठीवर गाठ.

मग त्या मला म्हणाल्या, "आजोबा, ती स्वतः जेवते असं तुम्ही मला सांगत होतात, तेव्हा घास तुमच्या हातात होता."

मी म्हटलं, मग तसं लिहिलं का नाहीत?

"मला तुमचा शब्द लिहावा लागतो."

त्यांची खोली बघितली. सतरंजी आहे, खिडकीला जाड पडदे. वर्गातली मुलं आत येत होती, आतली बाहेर जात होती. कुणाला वेगळं बसवलेलं दिसलं नाही. तू विचारशील म्हणून लिहिलं.

एका फौजीची बदली झाली, त्याचा मुलगा शाळा सोडून गेला. एक जागा मोकळी आहे, चौदा तारखेपर्यंत. पण ज्यानं माहिती दिली त्यानंच ती चुकीची होती असं स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं.

रविवारी लिहायला बसलो. एका पानात होईल वाटलं. चार पानं झाली. डबा ती उघडत नाही. साडेबाराला घ्यायला गेलो की समोरच्या कट्ट्यावर बसून मी खातो आणि रिकामा घरी आणतो. आठवड्यातून दोनदा-तीनदा गणवेश ओला होतो. शाळेतल्या आयाबाईंना सांगून ठेवलंय की फोन मलाच करा. दुसरा गणवेश नेतो, पहिला धुतो, शर्मिला यायच्या आत इस्त्रीनं वाळवतो. वहीतलं अक्षर माझं आहे. तिची बोटं माझ्या हातात असतात, पण अक्षर माझं. सातवी नापास माणसाचं अक्षर, म्हणून लहान मुलाचं वाटतं.

शाळेत द्यायच्या आधी घरात दोघांना वाचायला दिलं. तू सांगितलंस म्हणून नाही. द्यायचं होतं म्हणून दिलं. भूषणनं दोन पानं वाचली आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. शर्मिलानं चारही वाचली. मग उठून मैत्रीच्या वह्या काढल्या, पहिलीपासूनच्या. खाली बसली आणि एकेक पान उलटत राहिली. रडली नाही. मग विचारलं, "आबा, कधीपासून?"

काल कागद शाळेत दिला. ठेवून घेतला. जागा मिळेल का ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मैत्री आज चिकटपट्टीचे जुने बूट घालून गेली. बोटं जरा दबतात.

शर्मिलाला मी उत्तर दिलं नाही. तुलाही देणार नाही. यावर मला पत्र पाठवू नकोस.

दादा