वजनाचा चौकोन

४ जानेवारी
नव्या ऑफिसातला पहिला दिवस झकास गेला. खिडकीजवळचं टेबल, दोन स्क्रीन, आणि चहा मागायच्या आधी समोर! बावीस वर्षं आराखडे काढतोय, पण इथे इमारत काढत नाहीत, जोडतात. स्क्रीनवर छोटे चौकोन असतात. एकात लांबी, एकात उंची; त्यांना वायरी जोडल्या की जिना आपोआप उभा राहतो. आकडा सरकवला की पायऱ्या वाढतात. शिकवणाऱ्या मॅडम माझ्या भाचीच्या वयाच्या, मला काका म्हणतात. घरी येऊन चिमणीला हे सगळं सांगितलं. चिमणी म्हणजे आमची लेक, पहिलीत आहे. तिच्या मते बाबा ऑफिसात खेळायला जातात.

१९ जानेवारी
मॅडम भराभर शिकवतात आणि शेवटी विचारतात, समजलं ना काका? मी मान डोलावतो. निम्मं डोक्यावरून गेलेलं असतं, पण एवढ्या पोरांदेखत नाही म्हणायला जीभ रेटत नाही. साहेबांनी मला मुलांच्या वाचनालयाचा जिना दिलाय. भिंतीतून बाहेर आलेला, खाली एकही खांब नाही.

२ फेब्रुवारी
वजनाचा चौकोन लाल होतो. जिन्यावर किती भार येईल ते त्यात मोजायचं आणि त्यावरून जिन्याची जाडी ठरायची. तीन दिवस डोकं फोडलं. विचारायला मॅडमच्या टेबलापर्यंत गेलो आणि स्टेपलर मागून परत आलो. शेवटी वायर काढली, चौकोन कोपऱ्यात सारला आणि जाडीचा आकडा हातानेच टाकला, अंदाजपंचे. लाल गेलं. मॅडमनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. इंजिनिअरने जाडीबद्दल विचारलं तेव्हा म्हणालो, प्रोग्रॅमनेच काढलीय. त्यांनी सही केली. माझे कान अजून तापलेत.

२० एप्रिल
जिना झाला, टेकू निघाले. सहज फाईल उघडली. कोपऱ्यातल्या चौकोनात ७१. त्याला एकही वायर नाही, तो रिकामा असायला हवा. दुसऱ्या कामासाठी साइटवर फोन केला. सुताराने उचलला, जिन्यावर उभा राहून कठडा बसवत होता. हसत हसत त्याचं वजन विचारलं.
एकाहत्तर किलो.

२२ एप्रिल
आज ७१, खाली ६४. साइटवर विचारलं, सोबत गवंडीही आहे. दोघं जेवायला उतरले की चौकोन रिकामा होतो. मॅडमना दाखवायला हवं, पण मग काढलेली वायरही दिसेल. फाईल बंद केली. स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

५ मे
आकड्यांखाली नवी ओळ. मी लिहिलेली नाही. मर्यादा ९००.

८ मे
मर्यादा ५२०. रोज उतरतेय. उद्या उद्घाटन, घरच्यांनाही बोलावणं आहे. बाबांनी जिना केला म्हणून चिमणी शेजारीपाजारी सांगत सुटलीय. नुसतं तोंड उघडायचं. दोनदा साहेबांच्या दारापर्यंत गेलो — दोनदा परत.

९ मे
पोट दुखतंय म्हणालो. खोटं. ऑफिसात एकटाच. बायकोला म्हणालो होतो, जाऊ नका. का, ते नाही सांगितलं. चिमणी रडली. गेल्या दोघी.

अकरा वाजले. आकडे एकाखाली एक —
५८. ८०. ६६.
मर्यादा ३००.

४९. ही. गेल्याच आठवड्यात दवाखान्यात दोघींची वजनं —
१८.
बेरीज २७१. मर्यादा २८० — २७७ —

ही फोन उचलत नाही. मॅडमना लावला —

उचलला. मागे टाळ्या. म्हणाल्या, बोला काका, चिमणी सगळ्यात वरच्या पायरीवर उभी आहे, बाबांचा जिना म्हणतेय.

मर्यादा २७३ —

सांगायचं होतं. शप्पथ, सांगायचंच होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो — अभिनंदन.

चौकोन रिका—