माझ्या हातची बेचाळीस पानं

बुधवार, चौदा तारीख. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं.

धाकट्या,

आशीर्वाद. आम्ही ठीक. तुझ्या वहिनीच्या गुडघ्याला उतार आहे. आईला नवा चष्मा केला. आता तिला घरातली धूळ दिसते, त्यामुळे आम्हाला चैन नाही.

मी सुपरवायझर झाल्यापासून तू बोलत नाहीस, म्हणून लिहितो. आज दहाला युनियनचा चिटणीस म्हणून तू मालकांसमोर बसणार. आवाज चढवू नकोस. निळा शर्ट घाल.

हे सांगायला बसलो नव्हतो.

गेल्या महिन्यात मॅनेजरसाहेबांनी बोलावून खुर्ची दिली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "मास्तर, प्रेसचे साचे तुम्ही बसवता तसे इंजिनिअरांनाही बसवता येत नाहीत. तुमची विद्या कागदावर उतरवा. बोलणी लांबली तरी काम थांबायला नको, कुणाची नोकरी जायला नको."

मी सातवी नापास. माझ्या हातातल्या कसबाला कुणी विद्या म्हटलं नव्हतं. फुगलो.

वहीत बेचाळीस पानं लिहून साहेबांना दिली. कुठला बोल्ट आधी, कुठला मागून. तीन नंबरची प्रेस तापली की किती सैल करायची. आकृत्यांसकट. एक खाडाखोड नाही.

काल मागच्या गोदामात गेलो. आठ अनोळखी माणसं, हातात माझ्या वहीच्या झेरॉक्स, जुन्या प्रेसवर सराव चाललेला. संपाची तयारी, त्यांच्या बाजूची. एकजण बोल्ट चुकीच्या क्रमानं आवळत होता. आणि मी, गाढवानं, पुढे होऊन दुरुस्त केलं!

तो म्हणाला, "तुम्हीच का मास्तर? फार सोपं लिहिलंय हो."

मला बरं वाटलं. तेवढा एक क्षण. तेच रात्रभर टोचतंय.

"आमच्यावाचून प्रेस एक दिवस चालणार नाही," असं तू सभेत सांगतोस. आज ते बोलू नकोस. प्रेस चालेल. तासाला तीनशे नग नाही निघणार, दोनशे दहा निघतील, पण चालेल. आज संप पुकारलास तर उद्या तुझी एकशे साठ माणसं फाटकाबाहेर.

बोलणी संपेपर्यंत बाहेरचा माणूस यंत्राला हात लावणार नाही, हे आधी लेखी घे. नाही म्हणाले तर हे पत्र टेबलावर ठेव. माझं काय होईल ते होऊ दे. वहीवर सही करू का विचारलं, तर साहेब म्हणाले होते, "त्याची गरज नाही." इथे मात्र करतो. ती झाकू नकोस.

तुझा दादा,
साचे बसवणारा मास्तर, प्रेस विभाग