काळ्या काठाचं पाकीट

६ फेब्रुवारी १८७९

बसायला जागा नव्हती म्हणून भिंतीपाशी उभी राहिले — आणि त्या भिंतीनेच माझं नशीब काढलं!

लेडी रेव्हन्सकरांकडे मेजवानी होती. आम्हाला बोलावणं का आलं ते अजून कळलेलं नाही. गिल्बर्टने त्यांच्या नवऱ्याला कधीतरी मासे पकडायची चांगली जागा दाखवली होती म्हणे. लग्न होऊन लंडनला आले त्याला पाच महिने झाले, आणि हे पहिलंच आमंत्रण. पोशाख एकच — थोरल्या बहिणीने, टॅम्सीने शिवलेला हिरवा, ना लेस ना फीत. गळा मोकळा, कारण घालायला काही नव्हतंच. बाकीच्या बायका दागिन्यांच्या दुकानासारख्या सजलेल्या. अर्ध्या तासात माझ्यापुढे पुरुषांचा घोळका! एक चित्रकार ओरडला, "कुणी हलू नका! या बाईंना तर मुळीच हलू देऊ नका!" गिल्बर्ट कोपऱ्यात केक खात होता.

परतताना गाडीत म्हणतो, "मॉर, ते सगळे तुझ्याकडे का बघत होते गं?" नवऱ्याने विचारायचा प्रश्न आहे का हा?

१३ फेब्रुवारी

गुरुवार, म्हणजे टॅम्सीचं पत्र. सोबत केशराचा पाव, कॉर्नवॉलहून येईस्तोवर दगड झालेला. चहात बुडवून सगळा खाल्ला.

लिहिते — "बाबांचं प्रवचन इतकं लांबलं की मिसेस पोल्ग्लेझ घोरल्या. बाबांना वाटलं, आमेन म्हणाल्या! घरात काही टाकायचं नाही हे तुला ठाऊकच. आईच्या औषधाची बाटली आता बाबांची शाईची दौत झाली आहे. मी मेले तर माझं काय करतील कोण जाणे. थोडा खोकला आहे, समुद्रावरच्या वाऱ्याचा. तुझ्या हिरव्या पोशाखाला सगळे काय म्हणाले ते नीट लिही. बाही उसवली का?"

बाबा स्वतः कधी लिहीत नाहीत. पत्राच्या तळाशी तिच्याकडून 'देव तुझं भलं करो' एवढं लिहवून घेतात.

१ मार्च

चित्रकाराकडे चार तास मान वाकडी करून बसले. अंग आंबलं. सौंदर्य म्हणजे गप्प बसणं, असं दिसतंय.

२० मार्च

ड्यूक भेटले. राजघराण्यातले, राणीसाहेबांच्या नात्यातले. लेडी रेव्हन्सकरांनी मला मुद्दाम त्यांच्या शेजारी बसवलं. गिल्बर्टला टेबलाच्या पार टोकाला, एका बहिऱ्या पाद्र्याजवळ.

माणूस जाडा आहे, चिरुटाचा वास येतो, आणि तो हसला की टेबलावरचे सगळे हसतात. गावाचं नाव विचारलं. मी सांगितलं. हसले. सगळे हसले. मग म्हणाले, "अशी माणसं तिकडे पिकतात की काय? घरी आणखी कुणी आहे तुमच्यासारखी?"

मी म्हटलं, "नाही सरकार, मी एकटीच."

पुन्हा हशा. मलाही क्षणभर फार हुशार झाल्यासारखं वाटलं.

२१ मार्च

टॅम्सीचा डावा खांदा वर आहे. दात पुढे आहेत. त्या टेबलावर तिचं नाव कसं काढायचं? पण प्रश्न 'तुमच्यासारखी' असा होता. उत्तर खोटं नव्हतं. — नाही, खोटंच होतं. इथे तरी कशाला लपवायचं?

१० एप्रिल

माझे फोटो दुकानाच्या काचेत लागलेत! खालून दुसरी ओळ. वरच्या ओळीत कुणी मिस फेन. माझ्यासमोर एका शाळामास्तरासारख्या माणसाने माझा फोटो विकत घेतला, खिशात घातला आणि वळून मलाच धक्का देऊन गेला. ओळखलंही नाही.

घरी येऊन उगीच रडले.

१७ एप्रिल

ठरलं. १६ मे रोजी राजवाड्यात राणीसाहेबांपुढे माझी ओळख करून देणार. लेडी रेव्हन्सकर स्वतः माझं नाव पुढे करणार आहेत. ड्यूकनी त्यांना स्पष्ट सांगितलं म्हणे की दरबारी ओळख झालेली नसेल तर त्यांच्या बहिणी मला दारातही उभं करणार नाहीत. ती झाली की सगळी दारं उघडी. नाही झाली तर मी दुकानाच्या काचेतली बाई, मेजवान्यांचा मोसम संपला की काच पुसायची.

"हे वर्ष तुझं आहे, पोरी," लेडी रेव्हन्सकर म्हणाल्या. "पुढच्या वर्षी दुसरी कुणी असेल. मी वीस वर्षं बघतेय. नेहमी दुसरी कुणी असते."

टॅम्सीचं पत्र आजच यावं! राजवाड्याचं घाटतंय, तिथे डोक्यात पिसं खोवून जावं लागतं, हे मीच तिला कळवून बसले होते. "तुला ती डोक्यात पिसं खोवलेली एकदा बघायची आहे. मी आत येणार नाही गं, रस्त्यावर गर्दीत उभी राहीन. बाबांना दोन दिवस मिसेस पोल्ग्लेझ सांभाळतील. खोकला जवळजवळ गेला."

२० एप्रिल

तिला लिहिलं — मोसम संपल्यावर ये, आता घरात पाहुण्याला जागा नाही. जागा आहे. मागची खोली रिकामी आहे.

२५ एप्रिल

लेडी रेव्हन्सकरांकडे चहा. एक ओळखीची बाई सासरे वारल्याने काळ्यात गेली, तिचा सगळा मोसम बुडाला, त्यावर गप्पा. लेडी रेव्हन्सकर म्हणाल्या, "शोकाचंसुद्धा वेळापत्रक असतं. आईबापांचं वर्ष, भावंडांचे सहा महिने. पण सुरुवात कुठून मोजायची ते आपल्या हातात! माझा काका शर्यतींच्याच आठवड्यात गेला. मेल्याने आठवडाही काय निवडला! मी पाकिटाची काळी कड, म्हणजे मरणाची वर्दी, बघितली आणि ते ठेवलं घड्याळामागे. सोमवारी फोडलं, सोमवारपासून रडले. न फोडलेलं पत्र आलेलंच नसतं, बायांनो."

सगळ्या हसल्या. सगळ्यांत मोठ्याने मी.

१ मे

गुरुवार. पत्र नाही. रागावली असेल. रागावू दे.

८ मे

आजही नाही. इतका राग तिच्या स्वभावात नाही.

पोशाख आला. पांढरं सॅटिन, मागे साडेतीन वार घोळ. मागची खोली पलंग हलवून मोकळी केली आणि तिथे चादर कमरेला बांधून चालण्याचा सराव केला. वाकायचं, उठायचं, पाठ न दाखवता मागे मागे जायचं. दोनदा पडले. बेसी पाठीमागे घोळ धरून म्हणते, "बाईसाहेब, पुढे जायला सगळे शिकवतात, मागे कसं यायचं ते तुमच्याच लोकांत शिकवतात." या पोरीच्या जिभेला हाड नाही. पण मोलकरीण म्हणून तिच्यासारखी दुसरी मिळायची नाही.

१२ मे

आलं.

सकाळी बेसीने तबकात आणलं. काळ्या काठाचं पाकीट. गावचा शिक्का. बाबांचं अक्षर.

बाबा कधी लिहीत नाहीत. त्यांनी लिहिलं, म्हणजे लिहिणारी उरली नाही.

हात पुढे केला तो माझा नव्हताच. पाकीट घेतलं. बेसी उभीच. मी म्हटलं, "घड्याळामागे ठेव." ती हलली नाही. म्हणाली, "आमच्यात असं पाकीट आलं की उभ्या उभ्या फोडतात, बाईसाहेब. आम्हा गरिबांना धीर धरायची सवय नसते." मग स्वतः उठले, स्वतः ठेवलं.

चार दिवस. फक्त चार दिवस. फोडलं तर सहा महिने काळं — राजवाडा नाही, ड्यूक नाही, पुढच्या वर्षी दुसरी कुणी. आणि फोडून ती परत येणार आहे का? जे झालं ते झालं. मेलेल्या माणसाला घाई नसते.

टॅम्सी, चार दिवस थांब. जन्मभर माझ्यासाठी थांबलीस.

१३ मे

गिल्बर्टने विचारलं, "घड्याळामागे काय खुपसलंयस?"

"शिंपिणीचं पत्र."

"मग फोड की."

"काय लिहिलंय ते मला माहीत आहे."

बिचारा. विश्वास बसला त्याचा. त्याचा सगळ्यावर बसतो.

१४ मे

घास उतरत नाही. कमर आणखी बारीक झाली, शिंपीण खूश.

दिवसभर तीच डोळ्यांपुढे. आई गेली तेव्हा मी बारा वर्षांची, ती पंधरा. त्या दिवसापासून माझे केस तीच विंचरायची. लग्नाच्या दिवशी शेवटचे विंचरले आणि म्हणाली, "जा, एवढा चेहरा इथल्या मासळीवाल्यांना दाखवून काय उपयोग? एकीने तरी बाहेर पडावं." तिच्या मनात काय होतं ते मी विचारलं नाही. मी आरशात बघत होते.

पुरलं असेल तिला एव्हाना. आईच्या शेजारी. बाबा एकटे घरी आले असतील. आता त्यांना जेवायला कोण वाढतं?

१५ मे

गुरुवार. मी खुळ्यासारखी पोस्टमनची वाट बघत बसले.

दुपारी पाकीट हातात घेतलं. दिव्यासमोर धरलं. कागद जाड, काही दिसलं नाही. लाखेवर नख ठेवलं होतं. तेवढ्यात केस करायला माणूस आला. परत ठेवून दिलं.

बेसी माझ्याशी कामापुरतं बोलते. काळा पोशाख इस्त्री करायला काढ, परवा लागेल, असं सांगितलं, तर म्हणाली, "कालच केलाय."

१६ मे

झालं!

भर दुपारी उघड्या गळ्याने, डोक्यात तीन पांढरी पिसं खोवून दोन तास गाडीत. राजवाड्यापर्यंत गाड्यांची रांग. दोन्ही बाजूंनी लोक काचेला नाकं लावून बघणार, तोंडावर शेरे मारणार. "ही गं ती फोटोतली!" "फोटोत बरी दिसते." "थंडीने निळी पडलीय बिचारी!" गर्दीत कुणी बाई खोकली. मी काच खाली केली. लेडी रेव्हन्सकर ओरडल्या, "वेडी का खुळी? पिसं मोडतील!" एक अनोळखी म्हातारी होती. मला बघून तिने हात हलवला.

टॅम्सी कुठे उभी राहिली असती ते मी मनात ठरवलं. कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापाशी. ती खांबाला धरून चवड्यांवर उभी राहिली असती.

आत खोल्यांमागून खोल्या, कोपरांनी ढकलणाऱ्या बायका. माझा नंबर आला तेव्हा राणीसाहेब थकून आत गेल्या होत्या. त्यांच्या जागी कुणी एक राजकन्या उभी होती. नाव पुकारलं, वाकले, उठले, मागे मागे गेले. पडले नाही. मिनिटभराचंही काम नव्हतं. राजकन्येने जांभई दाबली.

बाहेर ड्यूकनी सगळ्यांसमोर हात दिला. रविवारी जेवायला, त्यांच्या बहिणींसोबत. "आता तुम्ही आमच्यातल्या." लेडी रेव्हन्सकरांचे डोळे भरून आले होते.

हेच हवं होतं मला. मिळालं. आनंद कुठे आहे तो शोधतेय.

उद्या सकाळी फोडीन. रविवारचं जेवण बुडालं तर बुडू दे, दार तर उघडलं. उद्यापासून रडायला मोकळी.

१७ मे

सकाळी पाकीट फोडलं. काळा पोशाख अंगावर चढवून मगच फोडलं. बाबांच्या चार ओळी.

"टॅम्सी फार आजारी आहे. सारखं तुझंच नाव घेते. डॉक्टर म्हणतात, फार तर पाच दिवस. मिळेल त्या गाडीने ये. काळ्या काठाला घाबरू नकोस, पोरी — तिचा कागद ती कुठे ठेवते मला सापडत नाही, हा तुझ्या आईच्या वेळचा उरला होता."

वर तारीख आहे. दहा मे.